न्यूयॉर्कची वेळ बदलली आणि उबुंटूचं घड्याळ एक तास पुढे: सिंक का होत नाही?

रात्रपाळी | मंगळवार, १० मार्च २०२६, रात्री ८.१०

मंडळी, गोरेगावच्या ऑफिसातला डेस्कटॉप. उबुंटू २४.०४ आणि विंडोज ११, ड्युअल बूट. काम न्यूयॉर्कच्या क्लायंटचं, म्हणून दोन्हीकडे झोन अमेरिका/न्यूयॉर्क. परवा रविवारी तिकडे डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे) लागलं. सोमवारी उबुंटू एक तास मागे होतं. डेट कमांडने वेळ लावली आणि एचडब्ल्यूक्लॉकने ती बोर्डवरच्या घड्याळातही लिहिली. संध्याकाळी मशीन विंडोजमध्ये होतं. आज उबुंटू उघडलं तर एक तास पुढे! क्रोनी (एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून, वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) बसवलेलं आहे. टाइमडेटसीटीएल हे म्हणतं:

लोकल टाइम: २०२६-०३-१० ११:३८:४२ ईडीटी
युनिव्हर्सल टाइम: २०२६-०३-१० १५:३८:४२ यूटीसी
आरटीसी टाइम: २०२६-०३-१० ११:३८:४२
टाइम झोन: अमेरिका/न्यूयॉर्क (ईडीटी, -०४००)
सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड: नो
एनटीपी सर्व्हिस: ॲक्टिव्ह
आरटीसी इन लोकल टीझेड: येस

सर्व्हिस ॲक्टिव्ह आहे तर सिंक नो का? टीझेडडेटा (झोनच्या नियमांचं पॅकेज) अपडेट करून पाहिलं, काही फरक नाही.

गिरगावकर | रात्री ८.२२

सीमॉसचा (बोर्डवरच्या घड्याळाचा) सेल गेला असणार. सीआर२०३२ घ्या, लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल.

सूक्ष्मसेकंद | रात्री ८.४७

सेल नाही. चूक किती आहे ते आधी बघा, अर्धं निदान तिथेच होतं. सेल संपला की वेळ वाटेल तशी जाते, बहुतेकदा थेट जुन्या सालातली तारीख येते. साधं क्वार्ट्झ २० पीपीएमने (दहा लाखात २०) चुकलं तर दिवसाला पावणेदोन सेकंद. बरोब्बर एक तास किंवा बरोब्बर साडेपाच तास चूक असेल तर ते कुणीतरी झोनचा हिशेब दोनदा केल्याचं किंवा केलाच नसल्याचं लक्षण.

लिनक्सचा कर्नल वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) मोजतो. झोन फक्त दाखवण्यापुरता, टीझेडडेटाच्या फाइलमधून येतो. एनटीपीच्या पॅकेटमध्येही यूटीसीच असतं, त्याला डेलाइट सेव्हिंगचा पत्ताच नसतो. त्यामुळे वेळ बदलल्याने सिंक बिघडणं शक्यच नाही. तुमचं सिंक आधीपासून बंद असणार. दोन-चार सेकंदांची चूक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, तासाची येते.

आता तुमच्या आउटपुटमधली शेवटची ओळ. आरटीसी म्हणजे बोर्डवरचं घड्याळ. त्यात न्यूयॉर्कची स्थानिक वेळ ठेवली आहे, आणि त्या घड्याळाला आपण कुठल्या झोनमध्ये आहोत हे कळत नाही. झालं ते असं:

रविवारी आपल्या दुपारी साडेबाराला न्यूयॉर्कमध्ये २ चे ३ वाजले. मशीन बंद होतं, आरटीसी जुन्याच वेळेने चालत राहिलं. सोमवारी उबुंटूने तो आकडा वाचला, 'आता ईडीटी (न्यूयॉर्कची उन्हाळी वेळ) आहे' असं धरून तसाच घेतला, म्हणून एक तास मागे. सिस्टिमडी (उबुंटूच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) या मोडमध्ये आरटीसीला हात लावत नाही, टाइमडेटसीटीएल तशी लांबलचक ताकीदही देतं. तुम्ही हाताने वेळ लावून आरटीसीत लिहिली, इथपर्यंत सगळं बरोबर झालं. मग विंडोज उठलं. 'वेळ बदलायची राहिलीय' ही त्याच्या लेखी बाकी होतीच, त्याने आरटीसी आणखी एक तास पुढे ढकललं.

हे दोन्ही पाठवा:

क्रोनीसी ट्रॅकिंग
क्रोनीसी सोर्सेस -व्ही

(इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये.)

रात्रपाळी | रात्री ९.०५

ट्रॅकिंगमध्ये रेफरन्स आयडी सगळी शून्यं, स्ट्रॅटम ०, रेफ टाइम १ जानेवारी १९७०, लीप स्टेटस 'नॉट सिंक्रोनाइज्ड'. सोर्सेसमध्ये प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ^? आणि रीच ०.

पॅकेटपाहुणा | रात्री ९.३१

रीच ० म्हणजे एकाही सर्व्हरचं उत्तर येत नाहीये. हा आकडा ऑक्टलमध्ये असतो, शेवटच्या आठ प्रयत्नांची नोंद. आठही जमले की ३७७. एकच आलं की १, मग ३, ७, १७, ३७ असा चढतो. आणि 'एनटीपी सर्व्हिस: ॲक्टिव्ह' एवढंच सांगतं की प्रोसेस चालू आहे. वेळ मिळते की नाही हे वरच्या सिंक्रोनाइज्डच्या ओळीत.

खात्री करायला एका खिडकीत

सुडो टीसीपीडम्प -एन -आय एनी यूडीपी पोर्ट १२३

आणि दुसऱ्या खिडकीत 'सुडो क्रोनीसी बर्स्ट ४/४'. बाहेर जाणारी पॅकेट दिसली आणि परत एकही आलं नाही, तर फायरवॉल. एकही बाहेर पडलं नाही तर डीएनएस तपासा, सर्व्हरचं नावच सुटत नसेल. कॉर्पोरेट नेटवर्कमध्ये बाहेर जाणारं यूडीपी १२३ सर्रास बंद असतं, त्यात वावगं काही नाही. मात्र मग आतला एनटीपी सर्व्हर द्यायला हवा.

तोवर खरी वेळ किती हे बघायचं तर कर्लला छोटा एस आणि कॅपिटल आय देऊन कुठल्याही मोठ्या एचटीटीपीएस साइटचे नुसते हेडर मागवा. 'डेट' हेडरमध्ये जीएमटी येतं, ते 'डेट -यू'शी ताडून बघा. सेकंदभर इकडेतिकडे, पण तासाची चूक पकडायला पुरे.

रात्रपाळी | रात्री ९.५८

पॅकेट जातात, परत काही नाही. म्हणजे फायरवॉलच. नेटवर्कवाल्यांना काय सांगू? मागच्या वेळी 'पोर्ट उघडणार नाही' असं उत्तर होतं.

पॅकेटपाहुणा | रात्री १०.१४

पोर्ट उघडा म्हणूच नका, आतल्या एनटीपी सर्व्हरचा पत्ता मागा. तिकिटात सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा उल्लेख करा. त्यात कंपन्यांनी आपल्या सगळ्या सिस्टिमची वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी माग जुळणाऱ्या सर्व्हरशी जुळवावी असं स्पष्ट आहे. ही ओळ वाचली की तिकीट सहसा लवकर हलतं.

त्यांनी विंडोजचा डोमेन कंट्रोलर दिला तर एक खोच आहे. विंडोजचा टाइम सर्व्हर बरेचदा स्वतःची रूट डिस्पर्शन (वेळेतली संभाव्य चूक) तीन सेकंदांच्या वर सांगतो आणि क्रोनीचं मॅक्सडिस्टन्स (किती चूक चालेल त्याची मर्यादा) मुळात ३ सेकंद असतं. रीच ३७७ दिसतं, तरी ओळीपुढे तारा (हा सर्व्हर निवडला याची खूण) काही येत नाही. अशा वेळी कॉन्फमध्ये 'मॅक्सडिस्टन्स १६' टाका. लोक इथे नेटवर्कच्या नावाने बोटं मोडत बसतात.

टर्मिनल_ताई | बुधवार, ११ मार्च, सकाळी ९.१२

दुरुस्तीचा क्रम चुकला तर हेच पुन्हा होईल, म्हणून सविस्तर.

आधी विंडोज. ॲडमिन म्हणून रेजिस्ट्री एडिटर उघडा: एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फॉर्मेशन. तिथे नवीन डीवर्ड 'रियलटाइमइजयुनिव्हर्सल', किंमत १. आता विंडोजसुद्धा आरटीसीला यूटीसी समजेल. मग शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळे ते पुरतं बंद होत नाही.

मग उबुंटू. आधी सिस्टिमची वेळ बरोबर करा आणि नंतरच आरटीसीचा मोड बदला. कारण

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०

ही कमांड सिस्टिमची वेळ उचलून आरटीसीत लिहिते. सिस्टिमच चुकीची असली तर चूकच यूटीसी म्हणून नोंदली जाईल. एनटीपीचा सर्व्हर मिळेपर्यंत वेळ हाताने लावायची तर 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइम' चालणार नाही, ऑटोमॅटिक सिंक चालू आहे म्हणून नकार देईल. त्याऐवजी 'सुडो डेट -यू -एस' देऊन अवतरणात यूटीसीची तारीख-वेळ. -यू विसरू नका.

नंतर /ईटीसी/ॲडजटाइम उघडून बघा, तिसऱ्या ओळीत लोकलच्या जागी यूटीसी हवं. ती फाइल नसेल तर यूटीसीच धरलं जातं.

आणि इथून पुढे बायोसमध्ये यूटीसी दिसेल. मुंबईत दुपारचे ३ वाजले असताना तिथे सकाळचे साडेनऊ. ते बिघडलेलं नाही. हार्डवेअरवाला दादा येऊन ते 'नीट' करून गेला तर सगळी मेहनत पाण्यात, तेव्हा मशीनवर चिठ्ठी लावा.

रात्रपाळी | सकाळी ११.४०

आतला सर्व्हर मिळाला. /ईटीसी/क्रोनी/सोर्सेस.डी मध्ये .सोर्सेस फाइल केली, 'सर्व्हर' मग पत्ता मग 'आयबर्स्ट', आणि 'सुडो क्रोनीसी रीलोड सोर्सेस'. रीच ३७ झालाय, तारा आली. हाताने वेळ मुद्दाम लावली नव्हती. पण घड्याळ अजून तासभर पुढेच! ट्रॅकिंग म्हणतं सिस्टिम टाइम ३५०० च्या वर सेकंद 'फास्ट ऑफ एनटीपी टाइम'.

सूक्ष्मसेकंद | सकाळी ११.५२

तुमच्या कॉन्फमधून 'मेकस्टेप'ची ओळ कुणीतरी काढलेली दिसते, नाहीतर पहिल्याच अपडेटला घड्याळ उडी मारून बरोबर झालं असतं. उबुंटूच्या कॉन्फमध्ये मुळात 'मेकस्टेप १ ३' असतं. म्हणजे चूक एका सेकंदाहून मोठी असेल तर उडी मारून दुरुस्त कर, पण सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन अपडेटमध्येच. ती संधी गेली, किंवा ती ओळच नसली, की क्रोनी उडी मारत नाही, घड्याळ हळूहळू ओढतं. कमाल वेग सुमारे ८३,३३३ पीपीएम, म्हणजे बाराव्या हिश्शाने. एक तास भरून काढायला बारा तास.

जुन्या एनटीपीडीचा (क्रोनीसारखाच प्रोग्रॅम) स्लू वेग, म्हणजे हळूहळू ओढण्याचा, ५०० पीपीएम, त्या गतीने तासाला ८३ दिवस लागतील. मात्र तो १२८ मिलिसेकंदांपुढे उडीच मारतो, आणि चूक १००० सेकंदांच्या वर गेली तर चक्क बंद पडतो. त्याला -जी दिलं तरच सुरुवातीला एकदा कितीही मोठी चूक चालवून घेतो. एनटीपीडीवर तासभराची चूक झाली आणि डिमन (मागे चालणारी ती सेवा) मेलेला सापडला, तर कारण हे.

तुम्ही एकच करा:

सुडो क्रोनीसी मेकस्टेप

पण थांबा. घड्याळ मागे जाणार आहे. डेटाबेस, जॉब क्यू असलं काही चालू असेल तर आधी थांबवा. मशीन नुसतं डेस्कटॉप असेल तर बिनधास्त.

टर्मिनल_ताई | दुपारी १२.०५

एक पुरवणी. घड्याळ पुढे असताना ज्या फाइली सेव्ह झाल्या त्यांवर आता भविष्यातली वेळ आहे. मेक (बिल्ड करणारी कमांड) चालवलंत की 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' येईल आणि बिल्ड अर्धवट होऊ शकेल. शोधायला:

फाइंड /होम -टाइप एफ -न्यूअरएमटी नाऊ

ज्या निघतील त्यांना टच मारा. किंवा तासभर चहा घ्या, आपोआप भूतकाळात जातील.

रात्रपाळी | दुपारी १२.३१

झालं! मेकस्टेप, मग सेट-लोकल-आरटीसी ०. सिंक्रोनाइज्ड येस. विंडोजमध्ये जाऊन आलो, वेळ हलली नाही. सगळ्यांचे आभार.

आता पुढचा प्रश्न. न्यूयॉर्कचा बाजार उघडला की एक स्क्रिप्ट चालते. तिच्यासाठीच झोन न्यूयॉर्कचा ठेवला होता. मशीन भारतीय वेळेवर आणलं तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) वर्षातून दोनदा वेळ बदलत बसावं लागेल ना?

ठाणे_स्लो | दुपारी १.१५

सर्व्हर असो की डेस्कटॉप, झोन यूटीसी. विषय संपला.

सूक्ष्मसेकंद | दुपारी १.४०

सर्व्हरला मान्य. पण माणूस ज्या पडद्यासमोर बसतो तिथे यूटीसी ठेवून रोज मनात साडेपाच मिळवत बसणं म्हणजे विनाकारण ताप. शिवाय यूटीसीने हा प्रश्न सुटतच नाही. बाजार न्यूयॉर्कच्या साडेनऊला उघडतो. यूटीसीत ते उन्हाळ्यात १३:३० आणि हिवाळ्यात १४:३०. आपल्याकडे संध्याकाळचे ७ आणि ८. मशीन आशिया/कोलकातावर ठेवा (आशिया/मुंबई शोधू नका, यादीत नाही) आणि झोन कामाच्या वेळेलाच चिकटवा. सिस्टिमडी टायमरमध्ये ते जमतं:

ऑनकॅलेंडर=मन..फ्राय ०९:३० अमेरिका/न्यूयॉर्क

लिहिल्यावर नोव्हेंबरची वाट न बघता आत्ताच तपासा. 'सिस्टिमडी-ॲनलाइझ कॅलेंडर' पुढे अवतरणात तीच ओळ, --बेस-टाइम=२०२६-१०-३० आणि --इटरेशन्स=२. पहिली वेळ शुक्रवार ३० ऑक्टोबर संध्याकाळी ७, दुसरी सोमवार २ नोव्हेंबर रात्री ८ आली पाहिजे. तिकडचा बदल १ नोव्हेंबरला, रविवारी आपल्या सकाळी साडेअकराला.

ठाणे_स्लो | दुपारी १.५२

क्रॉनटॅबमध्ये सीआरओएन_टीझेड लिहिता येतं की. सिस्टिमडीची काय गरज?

टर्मिनल_ताई | दुपारी २.२०

फेडोरा, रेड हॅटवर क्रोनाय नावाचं वेगळं क्रॉन असतं, तिथे चालतं. डेबियन-उबुंटूच्या क्रॉनला त्याचा अर्थ कळत नाही. एरर येत नाही, ओळ निमूटपणे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणून घेतली जाते आणि जॉब मशीनच्याच वेळेला चालतो. हे जास्त वाईट.

आणि ज्यांचं मशीन खरोखर न्यूयॉर्कच्या झोनमध्ये आहे त्यांच्यासाठी: डेबियनचं क्रॉन तीन तासांहून कमी बदल सांभाळून घेतं. मार्चमध्ये गायब झालेल्या २ ते ३ मधला ठरावीक वेळेचा जॉब बदलानंतर लगेच चालवतं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा आलेल्या तासात परत चालवत नाही. तास किंवा मिनिटाच्या जागी तारा असलेल्या जॉबना हा नियम लागू नाही. तरी बॅकअप १ ते ३ च्या मध्ये लावूच नये.

झोन बदलल्यावर क्रॉन, आरसिसलॉग आणि डेटाबेस रीस्टार्ट करायला विसरू नका. चालू प्रोसेसने झोन सुरुवातीला वाचून ठेवलेला असतो.

ठाणे_स्लो | दुपारी २.३८

मान्य, डेबियनचं माहीत नव्हतं. झोनला नुसतं 'ईएसटी' दिलं तर?

सूक्ष्मसेकंद | दुपारी ३.०४

तर उन्हाळाभर एक तास चुकाल. ईएसटी म्हणजे कायम यूटीसी -५, त्यात डेलाइट सेव्हिंग नाही. ईमेलमध्ये अमेरिकन लोक जुलैतही 'ईएसटी' लिहितात, त्यावर मशीन बेतू नका. खंड/शहर याच रूपात झोन द्या. 'ईटीसी/जीएमटी+५' तर त्याहून फसवं, तिथे चिन्ह उलटं असतं. ते पश्चिमेला पाच तास.

आणि युरोपचं काम करणाऱ्यांनो, तुमचा बदल २९ मार्चला, सकाळी साडेसहाला. तोवर लंडन-न्यूयॉर्कमधलं अंतर पाचऐवजी चार तास आहे. या तीन आठवड्यांत मीटिंग चुकल्या तर मशीनला दोष देऊ नका.

कंटेनरकाका | दुपारी ४.१०

एक गोष्ट राहिली. मशीनवर सगळं बरोबर आणि ॲप्लिकेशनमध्ये तासाचा फरक, असं असेल तर ॲप्लिकेशनचा स्वतःचा टीझेडडेटा बघा. जावा स्वतःची प्रत बाळगतं, मशीनचं पॅकेज अपडेट करून त्याला काही होत नाही. जेडीके नवीन घ्या किंवा टीझेडअपडेटर चालवा. मायएसक्यूएलमध्ये झोनच्या वेगळ्या टेबल असतात, त्या 'मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल'ने पुन्हा भराव्या लागतात. अल्पाइन लिनक्सच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये टीझेडडेटा नसतोच, टीझेड व्हेरिएबल दिलं तरी कंटेनर यूटीसी दाखवतो.

आणि /ईटीसी/लोकलटाइम ही लिंक हवी. कुणी कॉपी करून ठेवली असेल तर पॅकेज कितीही अपडेट करा, ती जुनीच राहते. 'एलएस -एल'ने दिसेल. अमेरिकेचे नियम २००७ पासून तेच आहेत म्हणून तिथे हे खपून जातं. पण २०२२ मध्ये मेक्सिको, इराण आणि जॉर्डनने पद्धत बदलली, २०२३ मध्ये इजिप्तने डेलाइट सेव्हिंग परत आणलं. त्या ग्राहकांसाठी जुनी फाइल म्हणजे हमखास घोळ.

गिरगावकर | संध्याकाळी ६.४५

बरं, सेल नव्हता हे कबूल. पण झेडडम्प -व्ही आशिया/कोलकाता मारून झोनमधले जुने बदल बघितले तर १९४२ ते १९४५ मध्ये +०६३० दिसतं. फाइल खराब आहे का माझी?

सूक्ष्मसेकंद | संध्याकाळी ७.२०

फाइल ठीक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. त्याआधी १९४१-४२ मध्येही एक तुकडा दिसेल. १५ ऑक्टोबर १९४५ नंतर एकही ओळ बदलाची नको. दिसली तर मात्र टीझेडडेटा पुन्हा इन्स्टॉल करा.